साडूंनी बसवलेले स्पेसर

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट एकदाच तपासून सोडून दिलेली नाही, आणि अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या समस्त मराठी मंडळींत असा दुसरा माणूस सापडायचा नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. दाराला कुलूप लावलं की ते हिसका देऊन बघतात, हिसका दिला की पायऱ्या उतरतात, आणि उतरले की परत चढून आणखी एक हिसका देतात. गॅस बंद आहे हे नुसतं बटण बघून त्यांना पटत नाही. शेगडीवर तळहात धरून ती गार होत चालल्याची खात्री झाली, मगच पायांत बूट जातात. विमानतळावर निघायचं तर पासपोर्ट घरात बघितला जातो, गाडीत बसल्यावर बघितला जातो, आणि गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत पुन्हा एकदा बघितला जातो. माझी थोरली मेव्हणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, तिनं हे सगळं इतकी वर्षं बिनतक्रार सोसलं. एकदाच फक्त ती मला म्हणाली, "सप्तपदी झाल्यावर ह्यांनी भटजींना विचारलं होतं, सात झाली का नक्की? मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं."

साडू मूळचे नागपूरचे. नोकरी एका औषधांच्या कंपनीत, व्हॅलिडेशन खात्यात. म्हणजे नेमकं काय करता, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "मशीन म्हणते, मी बरोबर चालून राहिली. आपण म्हणायचं, दाखव." पुढे कळलं की ही त्यांची नोकरी नसून प्रकृती आहे, आणि कंपनी तिचा पगार देते एवढंच. मंडळाच्या गणपतीत माइक त्यांच्या ताब्यात असतो. आरतीआधी "हॅलो, चेक" इतक्या वेळा होतं की इथे जन्मलेल्या लहान मुलांना ती आरतीतलीच एक ओळ वाटते. पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आलेल्या प्रत्येक भांड्यापाशी ते वाकून विचारतात, यात शेंगदाणे आहेत का? त्यांना स्वतःला शेंगदाण्याचं काहीही होत नाही. कुणालातरी होत असेल, एवढंच त्यांचं म्हणणं.

आमच्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पूजेला साडूंनाच बोलावतात. देऊळ लांब, भटजी गडबडीत, आणि साडूंना अथर्वशीर्ष पाठ. ते कपाळाला गंध लावून, धुतलेला सदरा घालून वेळेवर हजर होतात. हातातल्या पिशवीत तेव्हा हळद, कुंकू, अक्षता, नारळ, लिंबं आणि टॉर्क रेंच अशी सामग्री असायची. टॉर्क रेंच म्हणजे चाकाचा नट किती जोरानं आवळला गेला ते सांगणारा लांब दांड्याचा पाना. ठरवून दिलेला जोर आला की तो "टक्" असा आवाज करतो, आणि तो आवाज ऐकताना साडूंच्या चेहऱ्यावर जी तृप्ती यायची ती मी मोठमोठ्या गवयांच्या श्रोत्यांत पाहिलेली नाही. पूजा झाली, लिंबं चिरडून गाडी हातभर पुढे गेली, की साडू ड्राइव्हवेवर उकिडवे बसायचे आणि चारही चाकांचे नट तपासायचे. "शोरूमवाले मशीनने आवळतात. मशीनवर किती विश्वास ठेवायचा?" असं ते यजमानाला विचारायचे. यजमान बहुधा सॉफ्टवेअरवाला असायचा, त्यामुळे तो बापडा गप्प बसायचा. प्रसाद मिळायचा तो नट तपासून झाल्यावर.

हे सगळं आम्हाला हसायला बरं होतं. पण अशा माणसाच्या घरात मूल म्हणून वाढणं ही निराळी गोष्ट आहे. त्यांची एकुलती एक मुलगी रेवा इथेच जन्मली आणि "नको" हा बहुधा तिच्या कानावर पडलेला पहिला मराठी शब्द असावा. ट्रॅम्पोलिन नको, मान मोडते. समर कॅम्प नको, रानातले किडे चावतात. मैत्रिणीकडे रात्री राहायचं नको, त्यांच्या घरात स्मोक अलार्म चालू आहे की नाही कुणी पाहिलं? लहानपणी ती रडायची, शाळेत असताना भांडायची. मोठी झाल्यावर तिनं दोन्ही सोडलं आणि विचारणंच बंद केलं. कॉलेज तिनं ठरवलं, फिजिओथेरपीचा कोर्स तिनं ठरवला, बापाला सगळं ठरल्यावर कळायचं. साडूंच्या हे फार उशिरा लक्षात आलं. एकदा आमच्याकडे चहा पिताना ते म्हणाले, "पोरगी आजकाल काही मागतच नाही रे." मी गमतीनं म्हटलं, "सुटलात की मग." ते हसले नाहीत. कप खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.

अशात रेवाला गाडीनं दोन-तीन दिवसांच्या वाटेवर असलेल्या डेन्व्हरला नोकरी लागली. तिनं एक जुनी हॅचबॅक घेतली आणि ती एकटीनं चालवत डेन्व्हरला नेणार असल्याचं जेवता जेवता जाहीर केलं. साडूंचा घास तोंडातच राहिला. त्यानंतरच्या एका रविवारी मी आणि बायको त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. पाइनच्या परागांचे दिवस होते, अंगणातल्या सगळ्या गाड्या हळद लागल्यासारख्या पिवळ्या झाल्या होत्या. रेवा एक खोकं घेऊन स्वयंपाकघरात आली, ते ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, मला हे लावायला हेल्प करशील?"

खोक्यात चार स्पेसर होते. स्पेसर म्हणजे बोटभर जाडीची ॲल्युमिनियमची गोल चकती. गाडीचं चाक ज्या हबवर बसतं तो हब आणि चाक यांच्यामध्ये ती बसवायची, म्हणजे चकती हबला नटांनी आवळायची आणि चाक चकतीला. चाक तेवढंच बाहेर येतं आणि गाडी पाय फाकून उभी राहिल्यासारखी रुबाबदार दिसते. साडूंनी चकती उचलली, उजेडात धरली, नखानं वाजवली. मग त्यांनी फळीवरचा तुरीच्या डाळीचा भरलेला डबा काढला आणि रेवाच्या हातात दिला.

"छातीशी धर. जड वाटते?"

"नो."

"आता हात लांब कर. धरून ठेव."

थोड्याच वेळात रेवाचा हात थरथरायला लागला. "हे तुझं बेअरिंग," साडू म्हणाले. "चाक बाहेर काढलं की त्याला रोज हेच करून राहावं लागते. शिवाय आतापर्यंत चाक आणि हब यांच्यात एकच जोड होता, आता दोन झाले. जितके जोड तितकी ढिलं व्हायची जागा. वळताना टायर वरच्या पत्र्याला घासला तर? आणि हे सगळं करून फायदा काय?"

"वळताना थोडी स्टेबल वाटते."

"थोडी म्हणजे किती?"

रेवानं डबा ओट्यावर ठेवला. "ओके, फार नाही. इट लुक्स राइट, बाबा. दॅट्स इट. आय जस्ट लाइक इट." आणि मग हळूच म्हणाली, "नाही म्हणालास तरी ठीक आहे. मी शॉपमध्ये लावून घेईन. पण तुझ्याबरोबर लावावं असं वाटलं."

हे वाक्य साडूंना कुठे लागलं ते मला दिसलं. त्यांनी त्या दिवशी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढचा आठवडाभर मात्र ते वेड्यासारखे स्पेसरच्या मागे लागले. ओळखीच्या मेकॅनिकांना गाठलं. एक म्हणाला, हात लावू नका. दुसरा म्हणाला, मी स्वतःच्या गाडीला लावलेत, काही होत नाही. तिसऱ्यानं खांदे उडवले आणि म्हणाला, बसवणाऱ्यावर आहे. शनिवारी मला फोन करून साडूंनी निकाल सांगितला. "पाहा, लावायलाच पाहिजे असं काही नाही. त्यानं गाडी काही जास्त चांगली चालत नाही. पण माल चांगला असला, मधलं भोक हबवर अगदी चपखल बसलं, नट ठरल्या जोरानं आवळले आणि शंभरेक मैलांच्या आत चाक काढून परत पाहिले, तर धोकाही नाही. हौसेची गोष्ट आहे. हौस म्हणून करावी." मग म्हणाले, "लावून देतो तिला." ताई मागून काहीतरी बोलली. बहुधा तिचा विश्वास बसला नसावा.

तो रविवार मी विसरणार नाही. अंगणात गाडी खोललेली दिसली की वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र येतं, म्हणून सगळा कारभार गॅरेजमध्ये. गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवलेली, चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली. साडूंनी तारेच्या ब्रशनं हबचा गंज खरवडायला घेतला आणि लोखंड आरशासारखं होईपर्यंत सोडलं नाही. "चकती आणि हब यांच्यात काही म्हणजे काही राहायला नको," ते रेवाला समजावत होते. "कचरा राहिला तर चकती तिरपी बसते. नट आवळल्यासारखा वाटते, पण खरा आवळलेला नसते." रेवा शेजारी मांडी घालून बसली होती, हात काळे, नाकावर ग्रीस. दोघं एकमेकांशी इतकं बोलताना मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. त्या दिवशी साडूंच्या तोंडून एकदाही नकार निघाला नाही.

आता पूजा. पूजेवाचून त्यांच्या हातून गाडीला काही लागणं शक्य नव्हतं, आणि रेवाही म्हणाली, "आय वॉन्ट द फुल थिंग." ताईनं तबक माझ्या हातात दिलं. साडूंनी चारही चकत्या पाटावर मांडल्या, बोट कुंकवात बुडवून प्रत्येकीवर स्वस्तिक काढलं आणि ओल्या कुंकवावर अक्षता चिकटवल्या. स्वस्तिक आतल्या बाजूला काढलं, बाहेरून लेकीच्या गाडीची शोभा जाऊ नये म्हणून. अथर्वशीर्ष म्हणून झालं. मग त्यांनी एकेक चकती उचलली, डोळ्यांना लावली आणि त्या स्वच्छ घासलेल्या हबवर तशीच बसवली. रेवानं नट लावले, टॉर्क रेंच तिच्याच हातात होता. टक्, टक् होत गेलं आणि साडू मान डोलवत राहिले. आम्ही सगळे तिथेच उभे होतो. कुणाच्याही मनात काही आलं नाही. वरून चाकं चढली, चकती धरणारे आतले नट चाकामागे झाकले गेले, गाडी खाली उतरली. खरोखरच रुबाबदार दिसत होती. पुढच्या रविवारी चाकं काढून आतले नट पुन्हा बघायचे, असं ठरलं.

त्याआधीच्या शनिवारी रेवा मैत्रिणींना भेटायला विल्मिंग्टनला समुद्रावर निघाली. दुपारी मी साडूंकडे होतो. फोन वाजला. साडूंनी तो स्पीकरवर टाकला आणि रेवाचा आवाज आला, "बाबा, स्टीअरिंग खूप शेक होतंय. ढकढक आवाज येतोय. मी बाजूला घेतलीये." तिच्या मागून ट्रक जात होते, तेही ऐकू येत होतं. साडू म्हणाले, "उतर. डाव्या बाजूनं नको, उजवीकडून उतर. रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभी राहा. मी येऊन राहिलो." वेगमर्यादेच्या पाटीखाली नेहमी थोडा आणखी वेग कमी करणारा तो माणूस त्या दिवशी कशी गाडी चालवत होता ते मी ताईला अजून सांगितलेलं नाही. वाटेत ते एकच शब्द बोलले. "इनर," म्हणाले, म्हणजे चकतीचे आतले नट.

रेवा गवतात उभी होती. तोंड पांढरं पडलं होतं, पण धड होती. साडूंनी जॅक लावला आणि पुढचं डावं चाक काढलं. चकतीचे आतले नट त्यांच्या हातानं फिरले, पाना लागलाच नाही. एक तर आधीच गायब होता. त्यांनी चकती ओढली. मागे गुलाबी पीठ होतं. कुंकवात कालवलेल्या अक्षता दाबून दाबून त्यांचा भुगा झाला होता, तो भुगा झाला तेवढी फट पडली होती आणि नट सैल झाले होते. मला काही कळायच्या आत साडूंना सगळं कळलं होतं. ते खडीवर खाली बसले.

"बाबा?" रेवा वाकून बघत होती. "इज दॅट... राईस?"

"मी लावला," साडू म्हणाले. "तुला सांगत होतो, मध्ये काही राहायला नको. आणि मीच लावला."

रेवानं ते गुलाबी पीठ बोटावर घेऊन बघितलं. मग म्हणाली, "बाबा, आय वॉज डूइंग सेव्हन्टी माइल्स अ‍ॅन अवर."

साडूंनी मान हलवली. त्यांचे हात गुडघ्यांवर होते. ज्या माणसानं जन्मभर लेकीला प्रत्येक धोक्यापासून मागे ओढलं, त्यानं एकदा, फक्त एकदा, आनंदात स्वतःवर विश्वास ठेवला आणि त्यातूनच तिच्या जिवावर बेतलं. मला त्यांच्याकडे बघवेना. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा कधी कशालाच हो म्हणणार नाही. त्यांनाही तेच वाटत असावं, कारण ते म्हणाले, "इथंच चारही काढतो. घरी हळू जाऊ. घरी गेल्यावर फेकून देतो. तू म्हणशील तर गाडी ट्रकवर घालून पाठवू डेन्व्हरला. तू विमानानं जा बेटा."

रेवा त्यांच्या शेजारी खडीवर बसली. तिला रडू येत होतं आणि ती ते येऊ देत होती. "नो," ती म्हणाली. "क्लीन करून परत लावू. व्हॉट वेंट राँग ते माहितीये आता. फेकून दिले तर तू कायम म्हणशील, बघ, मी म्हटलं होतं. मला ते नकोय." मग नाक पुसून म्हणाली, "पूजा पण करू. पण लावल्यावर. बाहेरून."

तसंच झालं. पुढच्या आठवड्यात साडूंनी हबचे सगळे बोल्ट बदलले, पृष्ठभाग पुसून कोरडे केले, चकत्या बसवल्या, आणि बसवल्यावर पन्नास मैल चालवून चाकं काढली, पुन्हा बघितलं, पुन्हा बसवलं. हे त्यांनी इतकं केलं की शेवटी रेवाच म्हणाली, बास. निघायच्या दिवशी टायरखाली लिंबं ठेवली आणि बॉनेटवर कुंकवाचं एक बोट लावलं. टॉर्क रेंच साडूंनी तिच्या डिकीत ठेवला. आमच्यातल्या गाडीपूजांना त्यानंतर साडू रिकाम्या पिशवीनं येतात, म्हणजे हळदीकुंकू असतं, पण नट कुणी तपासत नाही. नवा रेंच का घेत नाही असं मी विचारलं, तर म्हणाले, "आहे ना एक. तिच्याकडे."

आता रेवाला जाऊन वर्ष होत आलं. रविवारी दुपारी तिचा फोन येतो आणि साडू बाकी काही विचारायच्या आधी विचारतात, "इनर नट पाहिले?" ती म्हणते, पाहिले. "चाक काढून?" चाक काढून. "टक् झालं सगळीकडे?" झालं. मग त्यावरून रस्त्यांची गोष्ट निघते, रस्त्यांवरून बर्फाची, बर्फावरून हॉस्पिटलची, पुन्हा चालायला लागलेल्या कुठल्यातरी आजोबांची. ताई मधूनच आत येऊन पोळ्या नीट जमतात का ते विचारून जाते. तासाच्या आत फोन कधी ठेवला जात नाही.

गेल्या महिन्यात मी तिथेच बसलो होतो. रेवानं घरासमोरच्या बर्फाचा फोटो पाठवला होता, कोपऱ्यात तिची गाडी. साडूंनी तो बोटांनी मोठा केला आणि माझ्यापुढे धरला. "चाक पाहा," म्हणाले. "आत गेलं. पत्र्याच्या बाहेर नाही. स्पेसर काढले तिनं. बर्फाचे टायर घालताना काढले असतील. शहाणपणाचंच केलं."

मी फोटो बघितला. खरंच होतं. "अहो, पण मागच्या रविवारी तर तुम्हाला म्हणाली, इनर नट पाहिले."

"हो."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"डिसेंबरापासून. तेव्हाच्या फोटोतही चाक असंच आत होतं."

"मग विचारता कशाला?"

साडूंनी फोन मांडीवर उपडा ठेवला. "जेवली का विचारलं, तर हो म्हणते आणि ठेवते. थंडी आहे का विचारलं, तर हो म्हणते आणि ठेवते. हे विचारलं की बोलत बसते रे. आणि तिला वाटते, काढले म्हणून सांगितलं तर मी विचारणं बंद करीन. म्हणून सांगत नाही ती."

एवढ्यात फोन वाजला. साडूंनी चष्मा सारखा केला, स्पीकर लावला आणि विचारलं, "काय बेटा, इनर नट पाहिले?"

"पाहिले बाबा," रेवा म्हणाली. "सगळे टाइट आहेत."

"छान," साडू म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकून बसले. "आता सांग."